विश्लेषण : अमेरिकेतल्या लॅटिनो वस्त्यांत ‘विज्ञानाची रात्र’ कशासाठी भरते?

१९८० सालची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहराजवळ एका शेतात बारावीत शिकणारा एक मुलगा शुगर बीटच्या ओळी खुरपत होता. सोबतीला ट्रान्झिस्टर होता. त्यावर बातमी आली, की ‘नासा’ने फ्रँकलिन चँग-डियाझ यांची अंतराळवीर म्हणून निवड केली आहे. चँग-डियाझ मूळचे कोस्टा रिकाचे, त्यांची मातृभाषा स्पॅनिश. शेतातल्या मुलाचे नाव होजे हर्नांडेझ. त्याचे आई-वडील मेक्सिकोहून येऊन हंगामी शेतमजुरी करायचे, आणि तो स्वतः इंग्रजी शिकला तो वयाच्या बाराव्या वर्षी. आपल्यासारखी भाषा बोलणारा माणूस अंतराळात जाऊ शकतो, हे त्याला त्या दिवशी कळले. पुढे ‘नासा’ने त्याचा अर्ज ११ वेळा नाकारला. २००४ मध्ये निवड झाली आणि ऑगस्ट २००९ मध्ये ‘डिस्कव्हरी’ यानातून हर्नांडेझ अंतराळात गेले. २०२३ मध्ये आलेला ‘अ मिलियन माइल्स अवे’ हा चित्रपट त्यांच्यावरच आहे.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण तिच्यात नशिबाचाही वाटा आहे. त्या वेळी ट्रान्झिस्टर बंद असता तर? अमेरिकेतल्या अनेक लॅटिनो संस्था गेली ५० वर्षे याच प्रश्नावर काम करत आहेत. अशी बातमी मुलाच्या कानावर योगायोगाने पडण्याची वाट न पाहता ती त्याच्या शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, वस्तीतल्या वाचनालयात नेऊन पोहोचवायची, असा हा प्रयत्न आहे. तो नेमका काय आहे, त्याने काय साधते, काय साधत नाही आणि सध्या तो अडचणीत का आहे, हे समजून घेऊ.

लॅटिनो म्हणजे कोण आणि प्रश्न किती मोठा?

मेक्सिको, मध्य आणि दक्षिण अमेरिका, तसेच क्युबा, पोर्तो रिको यांसारख्या बेटांशी ज्यांच्या कुटुंबाचे नाते आहे, त्यांना अमेरिकेत ढोबळमानाने लॅटिनो म्हणतात. सरकारी कागदपत्रांत ‘हिस्पॅनिक’ हा शब्दही त्यासोबत येतो. यात काल सीमा ओलांडून आलेले आहेत, तसेच टेक्सास आणि न्यू मेक्सिको हे भाग अमेरिकेत सामील होण्याआधीपासून तिथे राहणाऱ्या कुटुंबांचे वंशजही आहेत. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली. म्हणजे देशाच्या लोकसंख्येत १८.७ टक्के.

आता दुसरा आकडा पाहा. ‘प्यू रिसर्च सेंटर’च्या २०२१ मधल्या अहवालानुसार अमेरिकेतल्या एकूण नोकरदारांत हिस्पॅनिक १७ टक्के आहेत. पण विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या क्षेत्रांतल्या नोकऱ्यांत त्यांचा वाटा फक्त ८ टक्के आहे, म्हणजे निम्म्याहून कमी. या नोकऱ्यांत पगार चांगले असतात, त्यामुळे ही दरी पुढे घर, आरोग्य आणि पुढच्या पिढीचे शिक्षण या सगळ्यांत उतरते.

मग अडते कुठे? हुशारीत की आणखी कशात?

याचे एक उत्तर २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या रॉबर्ट ताई आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सापडते. १९८८ मध्ये आठवीत असलेल्या अमेरिकी मुलांना एक साधा प्रश्न विचारला होता : तिसाव्या वर्षी तुम्ही काय काम करत असाल? त्यातली जी मुले पुढे पदवीधर झाली, त्यांची त्या वेळची उत्तरे आणि नंतरच्या पदव्या ताडून पाहिल्या. विज्ञानाशी संबंधित काम करू, असे आठवीत म्हणणाऱ्यांची भौतिक विज्ञान किंवा अभियांत्रिकीत पदवी घेण्याची शक्यता इतरांच्या ३.४ पट निघाली. आणखी लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे, गणितात बेताची असलेली पण विज्ञानात जायचे मनात धरलेली मुले या पदव्यांपर्यंत पोहोचण्याची शक्यता गणितात हुशार पण तसा विचारही न केलेल्या मुलांपेक्षा जास्त होती.

अर्थात नुसते म्हटल्याने कोणी इंजिनीअर होत नाही. पण आठवीपर्यंत ‘हे आपल्यासाठी आहे’ असे वाटणे महत्त्वाचे आहे, एवढे यातून नक्की दिसते. असे वाटायला लावणारे आजूबाजूला कोण असते? बहुतेक वेळा घरचेच कोणी. ज्या घरात काका इंजिनीअर, आत्या लॅबमध्ये, शेजारचा दादा कोडिंग करतो, तिथे मुलाला हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्या घरात वडील बांधकामावर आणि आई हॉटेलात साफसफाईच्या कामावर जाते, तिथे मूल कितीही चौकस असले तरी इंजिनीअर म्हणजे दिवसभर नेमके काय करतो, हे त्याला सांगणार कोण?

‘आपली मुले शिकतात, त्यांची का नाही?’

अमेरिकेत नातेवाईक असलेल्या मराठी घरांत हे वाक्य कधी ना कधी ऐकू येते, म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोललेले बरे. १९६५ च्या कायद्यानंतर भारतातून अमेरिकेत गेलेल्यांत डॉक्टर, इंजिनीअर, संशोधक यांचा भरणा मोठा आहे, कारण त्यांना प्रवेशच डिग्री आणि कौशल्याच्या जोरावर मिळाला. आज एच-१बी व्हिसावर जाणाऱ्या पुण्या-नागपूरच्या मुलांचेही तेच आहे. म्हणजे तिथल्या मराठी मुलाच्या घरात इंजिनीअर असतोच, कारण त्याशिवाय ते घर तिथे वसलेच नसते. शेतमजुरी, बांधकाम, मांस प्रक्रिया कारखाने अशा कामांसाठी ज्यांना अमेरिकेने ओढून घेतले, त्यांच्या मुलांची सुरुवात वेगळ्या जागेवरून होते. दोन समाजांची तुलना करताना ही चाळणी विसरली, की मेहनत आणि संस्कार यांच्या नावावर चुकीचे निष्कर्ष निघतात.

‘विज्ञानाची रात्र’ म्हणजे काय?

१९७४ मध्ये लॉस एंजेलिस महापालिकेच्या नोकरीतल्या काही इंजिनीअरांनी एकत्र येऊन ‘सोसायटी ऑफ हिस्पॅनिक प्रोफेशनल इंजिनीअर्स’ (एसएचपीई) ही संस्था सुरू केली. आपल्या समाजातल्या मुलांसमोर आपणच उदाहरण म्हणून उभे राहायचे, हा त्यामागचा एक मुख्य हेतू होता. शास्त्रज्ञांची ‘सॅकनास’ ही संस्था त्याच्या एक वर्ष आधीची, १९७३ ची. आज एसएचपीईच्या शाखा देशभरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत आहेत आणि तिचा एक ओळखीचा उपक्रम आहे ‘नोचे दे सिएन्सियास’. स्पॅनिशमधल्या या नावाचा अर्थ विज्ञानाची रात्र.

स्वरूप साधे असते. कामाच्या वेळेनंतर एखाद्या शाळेत किंवा कॉलेजात सगळ्या कुटुंबाला बोलावतात. इंजिनीअरिंगचे विद्यार्थी आणि नोकरी करणारे इंजिनीअर स्वयंसेवक म्हणून येतात. मुलांना टेबलाभोवती बसवून हाताने काहीतरी करायला देतात. असे कार्यक्रम पाहिलेल्यांना हे खेळ ओळखीचे असतील : सुकी स्पॅगेटी आणि मार्शमॅलो वापरून उंच मनोरा उभा करणे, पुठ्ठ्याचा पूल करून त्यावर वजन ठेवणे, बॅटरी आणि एलईडीचे सर्किट जोडणे, भांडी घासायचे लिक्विड, मीठ आणि अल्कोहोल यांनी स्ट्रॉबेरीतला डीएनए वेगळा करणे.

यात खरा धडा खेळाच्या निकालात नसतो. मनोरा पडतो, मग मूल पाया रुंद करते, त्रिकोण जोडते आणि पुन्हा उभा करते. करून पाहणे, फसणे, कारण शोधणे, बदल करणे हीच इंजिनीअरिंगची पद्धत आहे. शिवाय शेजारी बसून मदत करणारी ताई त्याच्याच आडनावाची, त्याच्याच भाषेत बोलणारी असते आणि सध्या सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला असते. घरी परतताना मुलाच्या डोक्यात मनोऱ्याइतकीच ती ताईही राहते.

पालकांना बोलावण्यात एवढे काय?

मुले टेबलावर असताना दुसऱ्या वर्गात पालकांसाठी वेगळे सत्र चालते, तेही स्पॅनिशमध्ये. कॉलेजच्या तयारीसाठी शाळेत कोणते विषय घ्यावे लागतात, शिष्यवृत्ती कुठे मिळते, सरकारी आर्थिक मदतीचा ‘फाफ्सा’ अर्ज कसा भरायचा, हे तिथे सांगतात. या अर्जात पालकांच्या उत्पन्नाची माहिती द्यावी लागते. मूल अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे नागरिक, पण आई किंवा वडिलांकडे कागदपत्रे नाहीत, अशी लाखो घरे आहेत. २०२४-२५ च्या वर्षासाठी नवा ऑनलाइन अर्ज आला तेव्हा सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या पालकांना सुरुवातीला तो भरताच येईना. मदतीवर पूर्ण हक्क असलेली मुले त्यामुळे ताटकळली. अशा वेळी वस्तीतला ओळखीचा माणूस शेजारी बसून अर्ज भरून देतो, ती मदत कुठल्याही वेबसाइटपेक्षा मोठी असते.

भाषेचा मुद्दाही नुसत्या सोयीचा नाही. स्थलांतरित घरांत अनेकदा मूलच दुभाषा असते. बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेतही तेच आई-वडिलांना इंग्रजी समजावून सांगते. शिक्षणाच्या बाबतीत आई-वडील मागच्या बाकावर जातात. कार्यक्रम त्यांच्या भाषेत असला, की ते पुन्हा मुलाच्या शेजारी येऊन बसतात.

याला संशोधनाचाही आधार आहे. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात लुइस मॉल आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांना सोबत घेऊन मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांना भेटी दिल्या. या घरांत ‘काही नाही’ असे शाळेला वाटायचे. प्रत्यक्षात तिथे शेती, खाणकाम, गाड्यांची दुरुस्ती, बांधकाम, वनौषधी यांचे भरपूर ज्ञान सापडले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानंतर ‘घरातले ज्ञानभांडवल’ ही कल्पना शिक्षणशास्त्रात रुजली. गवंडीकाम करणाऱ्या बापाला भार कुठे पेलला जातो हे कळते. मुलाच्या पुठ्ठ्याच्या पुलापाशी तो उभा राहिला, की त्याच्याकडे सांगण्यासारखे बरेच असते. चांगला कार्यक्रम त्याला ते सांगायची संधी देतो.

एका संध्याकाळीने खरेच काय होते?

प्रामाणिक उत्तर असे, की एकट्या संध्याकाळीने फारसे काही होत नाही. अनेक कार्यक्रमांचे यश किती जण आले आणि किती जण खूश होऊन गेले यावर मोजले जाते. टी-शर्ट, पिझ्झा, प्रायोजकाच्या फलकासमोर फोटो, आणि पुढच्या वर्षीपर्यंत शांतता. असा मेळावा मुलाची उत्सुकता चाळवतो आणि तिला वाऱ्यावर सोडून देतो. संध्याकाळ सुरुवात ठरायची असेल तर तिच्यामागे शाळेतला रोबोटिक्स क्लब हवा, दर आठवड्याला भेटणारा शिक्षक हवा आणि कॉलेजपर्यंत सोबत करणारे कोणीतरी हवे.

हे घडते तेव्हा काय होऊ शकते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण फिनिक्स शहरातल्या कार्ल हेडन या सरकारी हायस्कूलचे आहे. पश्चिम फिनिक्समधल्या गरीब, बहुतांश लॅटिनो वस्तीतली ही शाळा. फ्रेडी लाजवर्दी आणि अ‍ॅलन कॅमेरॉन या दोन शिक्षकांनी तिथे रोबोटिक्सचा गट चालवला. २००४ मध्ये ओस्कर वास्केझ, क्रिस्टियन आर्सेगा, लोरेन्झो सँतियान आणि लुइस अरांडा या चौघांनी पाण्याखाली चालणारा रोबो बनवला आणि सांता बार्बरा इथल्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट कॉलेजांच्या गटात नाव दिले. रोबोचा सांगाडा पीव्हीसी पाइपचा आणि सगळा खर्च सुमारे ८०० डॉलर. समोर होता ‘एमआयटी’चा संघ, ज्याच्याकडे दहा हजार डॉलरहून जास्त बजेट होते. ऐन वेळी रोबोच्या बॅटरीच्या डब्यात पाणी झिरपू लागले. मुलांनी दुकानातून टॅम्पॉन आणून आत बसवले, कारण पाणी शोषून घेणारी तेवढ्या आकाराची दुसरी वस्तू नव्हती. एकूण गुणांत कार्ल हेडन पहिले आले, एमआयटी दुसरे.

मग ते चौघे आज मोठे इंजिनीअर असतील?

चित्रपट असता तर गोष्ट इथेच संपली असती. २०१५ मध्ये त्यांच्यावर ‘स्पेअर पार्ट्स’ हा चित्रपट आलाही. खरी गोष्ट मात्र पुढे अवघड आहे. चौघेही लहानपणी मेक्सिकोतून आणले गेले होते आणि त्यांच्याकडे कागदपत्रे नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या निकालामुळे अशा मुलांना शाळेत शिकण्याचा हक्क आहे. कॉलेजला मात्र ते संरक्षण नाही, आणि केंद्राची आर्थिक मदतही मिळत नाही. २००६ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन ३००’ मंजूर केले. त्यामुळे कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांना राज्यात राहूनही बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांइतकी, म्हणजे कितीतरी जास्त फी भरावी लागू लागली. आर्सेगाला विद्यापीठ सोडावे लागले. सँतियान आणि अरांडा स्वयंपाकाच्या, केटरिंगच्या व्यवसायात गेले. वास्केझने २००९ मध्ये मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. कायदेशीर मार्गाने राहता यावे म्हणून तो स्वतःहून मेक्सिकोत गेला, तर त्याच्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी आली. एका सिनेटरने पाठपुरावा केल्यावर ती उठली. परतल्यावर तो अमेरिकी सैन्यात भरती झाला आणि अफगाणिस्तानात लढला.

अ‍ॅरिझोनाने फीचा तो नियम २०२२ मध्ये ‘प्रपोझिशन ३०८’ मंजूर करून बदलला. राज्यातल्या हायस्कूलमध्ये किमान दोन वर्षे शिकलेल्यांना स्थानिक फी लागू झाली. पण त्या चौघांच्या उमेदीची वर्षे तोवर निघून गेली होती. मुलांमध्ये उत्सुकता नव्हती, शिक्षक कमी पडले किंवा समाजाने पाठ फिरवली, असे यातले काहीच घडले नव्हते. अडले ते कायद्यापाशी आणि फीपाशी. ‘मुलांना प्रेरणा द्या’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही बाजूही पाहिली पाहिजे.

सध्या काय बदलले आहे?

२०२५ पासून तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या. पहिली, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने शाळा आणि चर्चसारख्या ठिकाणी स्थलांतरितांवर कारवाई टाळण्याचे जुने धोरण मागे घेतले. लॅटिनो वस्त्यांतले बहुतेक सामुदायिक कार्यक्रम भरतात ते नेमके याच ठिकाणी. ज्या घरात एकाकडेही कागदपत्रे नाहीत, ते घर संध्याकाळी शाळेत जायचे की नाही याचा आता दहा वेळा विचार करणार.

दुसरी, एप्रिल २०२५ पासून ‘नॅशनल सायन्स फाउंडेशन’ने विज्ञानात मागे राहिलेल्या गटांचा सहभाग वाढवण्याशी संबंधित शेकडो अनुदाने रद्द केली. शाळाबाह्य विज्ञान कार्यक्रम आणि त्यांचा परिणाम मोजणारे अभ्यास यांना याच प्रकारच्या अनुदानांचा आधार असतो.

तिसरी, ज्या विद्यापीठांत किमान २५ टक्के पदवी विद्यार्थी हिस्पॅनिक आहेत, त्यांना मिळणारी विशेष मदत. सप्टेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याने अशा आणि अल्पसंख्याकांच्या इतर संस्थांसाठीच्या सुमारे ३५ कोटी डॉलरच्या अनुदानांना कात्री लावली. वंशावर आधारित अट घटनाबाह्य आहे, असे कारण त्यासाठी देण्यात आले.

‘एका समाजासाठीच वेगळे का?’ हा आक्षेप योग्य आहे का?

आक्षेप समजून घेण्याजोगा आहे. करदात्याचा पैसा सर्वांसाठी असावा, यात वाद नाही. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. प्रवेशाची जागा एकाला देऊन दुसऱ्याला नाकारणे वेगळे, आणि ज्या वस्तीत माहिती पोहोचत नाही तिथे ती तिच्या भाषेत पोहोचवणे वेगळे. स्पॅनिशमध्ये चालणाऱ्या विज्ञानाच्या रात्रीमुळे कोणत्याही इतर मुलाची जागा जात नाही. विद्यापीठाला मिळालेल्या पैशातून उभी राहिलेली लॅबही तिथले सगळेच विद्यार्थी वापरतात. देशाच्या जवळपास पाचव्या हिश्शातली हुशारी वाया जाऊ देणे ही कसली समानता?

स्वयंसेवक आणि संस्था हे काम सरकारी पैशाशिवायही चालू ठेवतील, कारण पहिली अनेक वर्षे त्यांनी ते तसेच केले. पण पदरमोड करून होणारे काम जिथे आधीच इंजिनीअर आहेत अशा मोठ्या शहरांत टिकते. शेतमजुरांच्या लहान गावांत, जिथे त्याची गरज सर्वांत जास्त, तिथेच ते आधी बंद पडते.

आपण यातून काय घ्यायचे?

आपल्याकडे दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, जुन्नर तालुक्यातल्या खोडद इथल्या ‘जीएमआरटी’ रेडिओ दुर्बिणीचे दरवाजे लोकांसाठी उघडतात. ४५ मीटर व्यासाच्या अँटेना बघायला आणि शाळांनी मांडलेले प्रयोग पाहायला आसपासच्या गावांतून गर्दी होते. शेतातून थेट आलेले आई-वडील मुलांसोबत रांगेत असतात. विज्ञान आपल्या भाषेत, आपल्या शिवारात आले, की लोक येतात, हे आपल्याला नव्याने शिकायला नको. प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे. १ मार्चला त्या मुलाच्या शाळेत प्रयोगशाळा उघडी असते का, आणि सीईटी, शिष्यवृत्ती, दाखले यांची माहिती त्याच्या घरी कोण देतो? घरात पहिलाच कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी कुठे अडकते, हे फिनिक्समध्ये आणि जुन्नरमध्ये फार वेगळे नाही.

म्हणून असा कोणताही कार्यक्रम, तिथला असो वा इथला, पाहताना चार प्रश्न विचारावेत. पालकांना त्यांच्या भाषेत काही मिळाले का? मुलाने स्वतःच्या हाताने काही केले का? त्याच्यासारख्याच घरातून पुढे गेलेला कोणी त्याला भेटला का? आणि पुढच्या आठवड्यात ते मूल कुठे जाणार आहे, हे ठरले आहे का? पहिल्या तिन्हींची उत्तरे संस्था आणि स्वयंसेवक देऊ शकतात. चौथ्याचे उत्तर शाळेला, फीला आणि कायद्याला द्यावे लागते, आणि अमेरिकेत सध्या नेमके तेच उत्तर मागे घेतले जात आहे.